बागेतल्या पक्ष्यांचे फोटो पुसट येतात? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

‘लेन्स गेली का हो माझी?’ हा प्रश्न वर्षभर येत असतो, आणि ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात जरा जास्तच. सोबत एक फोटो असतो. गच्चीतून नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला बुलबुल, दयाळ किंवा शिंजीर. पक्षी ओळखू येतो, पण पिसं दिसत नाहीत, डोळ्यात चमक नाही. माझ्या हातात आलेल्या अशा कॅमेऱ्यांत खरोखर बिघडलेले फार थोडे निघाले. बहुतेक वेळा शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटतं तो वेग) कमी पडलेला असतो किंवा पक्षी फार लांब असतो, आणि या दोन्हीच्या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. म्हणून खालचा क्रम फुकटापासून खर्चाकडे जातो.

लक्षणं

फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करा. पक्ष्याकडे नंतर बघा. आधी तो बसलाय ती फांदी, आजूबाजूची पानं, खिडकीचा गज, जे काही फ्रेममध्ये असेल ते बघा. त्यातलं काय शार्प आहे यावरच निदान ठरतं.

– फांदी, पानं, पक्षी, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं. डोळ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्याची रेघ झालेली. कॅमेरा हलला.
– फांदी शार्प, तिच्यावरची नखंही शार्प, पण डोकं किंवा शेपूट पुसट. पक्षी हलला.
– पक्षी पुसट, पण मागचं पान किंवा पुढची काडी शार्प. फोकस भलतीकडे लागला.
– हललेलं काही नाही, शार्पही काही नाही, रंग दुधाळ. काच, मच्छरजाळी, वाफ, मळका फिल्टर किंवा बुरशी.
– कडा लाटांसारख्या, आणि लागोपाठच्या फोटोंत दर वेळी वेगळ्या. तापलेली हवा.
– लहान असताना बरा, मोठा केला की पिसांच्या जागी रंगाचे डाग. पक्षी फ्रेममध्ये फार छोटा, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा) भरमसाट, किंवा फोनचा डिजिटल झूम.
– दर फोटोत एकच बाजू शार्प, दुसरी नाही. इथे मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.
– व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) पुसट दिसतं, पण फोटो चांगला येतो. काहीही बिघडलेलं नाही. व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं छोटं चाक पिशवीत घासून फिरलेलं असतं. आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा आणि पुढचं वाचायचं सोडून द्या.

मूळ फोटो बघताय ना?

ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि मी ती सगळ्यात आधी करायला लावतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने कमी होतो आणि दाबला जातो. पिसांसारखे बारीक तपशील त्यातच आधी जातात. कॅमेऱ्यातून वायफायने फोनवर घेतलेला फोटोही पुष्कळदा छोट्या आकारात उतरतो. त्यामुळे कार्डावरची मूळ फाइल उघडा. कुणाला दाखवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कित्येकांचं दुखणं इथेच संपतं.

मूळ फाइल उघडलीच आहे तर तिची माहितीही बघून घ्या: शटर स्पीड, अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते; एफ/५.६ पेक्षा एफ/८ लहान), आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्स लांबचं किती जवळ आणते ते, मिलिमीटरमध्ये). कागदावर लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

पक्षी आणि लेन्स यांच्या मध्ये काय आहे?

घराभोवतीच्या पक्ष्यांचे फोटो बहुतेक जण घरातूनच काढतात, आणि घराला खिडक्या असतात. सरकत्या खिडकीचं एक दार दुसऱ्यावर सरकवलं की तिथे दोन काचा एकामागे एक येतात; नेमकं तिथूनच फोटो काढणारे लोक आहेत. काचेतूनच काढायचा असेल तर एकाच काचेतून काढा, ती दोन्ही बाजूंनी पुसा आणि लेन्सचा हूड काचेला जवळजवळ टेकवून काचेसमोर काटकोनात धरा. काचेतून तिरकं पाहिलं की प्रतिमा फाटते, आणि लांब लेन्सला हे फार जाणवतं. बाहेरून आरशासारखी दिसणारी काच असेल तर प्रकाशही कमी होतो. फायदा एवढाच की पक्ष्याला तुम्ही दिसत नाही.

मच्छरजाळी त्याहून वाईट. फोटोत जाळी दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी संशय घेत नाही. पण ती सगळ्या फ्रेमवर दुधाचा हात फिरवते. जाळी सरकवा. खिडकीचे गज चालतात, लेन्स दोन गजांच्या मधून बाहेर काढता येते.

आता लेन्सच्या पुढच्या काचेवरचा फिल्टर. दुकानदाराने लेन्ससोबत ‘संरक्षणासाठी’ गळ्यात मारलेला स्वस्त यूव्ही फिल्टर तीनशे मिलिमीटरवर घात करतो. काढा, दहा फोटो घ्या, ताडून बघा. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर आधी ब्लोअरने धूळ उडवा आणि मग मायक्रोफायबर कापडाने पुसा. सदऱ्याच्या टोकाने नको. कापडातल्या धुळीने कोटिंगवर चरे पडतात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. एसीच्या खोलीतला थंडगार कॅमेरा एकदम दमट बाल्कनीत आणला की काचेवर बाष्प धरतं. ते पुसलं तरी पुन्हा येतं. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर ठेवा, वीसेक मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या, मग काढा.

शटर स्पीड

इथे जरा थांबायला हवं, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात.

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा की शटर स्पीड निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ इतका हवा. लहान सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यांत ती फोकल लेंग्थ दीडपटीने धरायची, कॅननमध्ये १.६ पटीने. म्हणजे ३०० मिमी लेन्स ४५०-४८० सारखी वागते, आणि तुमची खालची मर्यादा १/५०० सेकंद होते. हे झालं तुमच्या हाताच्या थरथरीचं. पक्ष्याची हालचाल यात धरलेलीच नाही.

पक्षी बसलेला असला तरी तो स्थिर नसतो. तांबट बघा. पिंपळाच्या किंवा वडाच्या वठलेल्या फांदीवर तासन् तास एका जागी बसून ‘टुक टुक टुक’ करतो, म्हणून लोकांना वाटतं हा तर सोपा. पण प्रत्येक ‘टुक’ला त्याचा गळा फुगतो, डोक्याला झटका बसतो, आणि मधूनमधून तो मान या बाजूची त्या बाजूला वळवतो. १/१२५ वर काढलेल्या फोटोत त्याची शेपूट आणि पोटावरच्या हिरव्या रेघा व्यवस्थित येतात, आणि कपाळावरचा लाल ठिपका मात्र विस्कटतो. फोटो पाठवणारा म्हणतो, लेन्स अर्धवट शार्प आहे. लेन्स ठणठणीत आहे; डोकं हललंय. दयाळाचं उलट. तो गाताना डोकं बऱ्यापैकी स्थिर ठेवतो, पण शेपूट सतत उडवतो. शिंप्याबद्दल तर बोलायलाच नको, त्याची शेपूट, मान, पाय सगळंच चालू असतं.

स्टॅबिलायझेशन इथे काही करू शकत नाही. निकॉनचं व्हीआर, कॅननचं आयएस, सोनीचं ओएसएस, टॅमरॉनचं व्हीसी, हे सगळे तुमचा हात सावरतात, पक्ष्याची मान धरत नाहीत.

तेव्हा आकडे हे घ्या. बसलेला बुलबुल, साळुंकी, होला: १/५००. शिंपी, शिंजीर, वटवट्या: १/१०००. उडता पक्षी: १/२००० किंवा पुढे. मोड ‘शटर प्रायॉरिटी’ ठेवा (निकॉन, सोनीत एस, कॅननमध्ये टीव्ही) आणि आयएसओ ऑटोवर टाकून वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा.

‘पण मग नॉइज येईल ना?’ येईल. सकाळी साडेसहाला जास्वंदीच्या सावलीत १/१२५ ला आयएसओ ४०० लागत असेल, तर १/१००० ला प्रकाश तीन स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा होऊन, कमी पडतो आणि आयएसओ ३२०० होतो. दाणेदार फोटो मला चालतो, कारण नॉइज नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी करता येतो. हललेली पिसं कुठल्याच सॉफ्टवेअरने खरी परत येत नाहीत. आणि साडेसहाऐवजी साडेसातला गेलात तर हा वादच उरत नाही.

फोकस

कॅमेऱ्याला फोकसचे बिंदू स्वतः निवडू दिले की तो सहसा सगळ्यात जवळची किंवा सगळ्यात ठसठशीत वस्तू पकडतो. कढीपत्त्याच्या झाडात बसलेल्या बुलबुलापुढे चार काड्या असतात. कॅमेऱ्याला त्या आवडतात. म्हणून एकच बिंदू ठेवा, मधला चालेल, आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा शोधायची सोय असते, ती मेन्यूत ‘प्राणी’ किंवा ‘पक्षी’ यावर लावावी लागते. ‘माणूस’वर ठेवून रुसलेले लोक मला भेटलेत. पानांच्या गर्दीत तीही चकते, तेव्हा एका बिंदूवर परत या.

फोकसचा मोड सतत चालणारा हवा: निकॉन आणि सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो, त्यांच्या मिररलेसमध्ये नुसतं सर्व्हो. एकदाच लागणाऱ्या फोकसमध्ये पक्षी फांदीवर जरा पुढे सरकला की संपलं.

किती जरा? ३०० मिमी लेन्स, लहान सेन्सर, एफ/५.६, पक्षी ३ मीटरवर: शार्प येणाऱ्या पट्ट्याची जाडी सगळी मिळून जेमतेम २ सेंटिमीटर. तुमच्याकडे तोंड करून बसलेल्या साळुंकीच्या छातीवर फोकस लागला तर डोळा त्या पट्ट्याच्या बाहेर जाऊ शकतो. एफ/८ केलंत तर पट्टा ३ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि ७०-३०० सारख्या स्वस्त झूम लेन्सा टोकाला उघड्या अॅपर्चरपेक्षा एफ/८ वर दिसतातही बऱ्या. उजेड असेल तर करा.

लेन्सच्या बाजूची बटणंही बघा. ‘एएफ-एमएफ’ बटण पिशवीतून काढताना एमएफवर सरकतं. मोठ्या लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असतं. ते दूरच्या अंतरावर असेल तर कुंडीवर येऊन बसलेला शिंजीर कधीच पकडला जाणार नाही, लेन्स नुसती मागेपुढे करत राहील. शिवाय प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं. लांब झूम लेन्सांत ते दोन-अडीच मीटरही असू शकतं. तेवढ्यासाठी एक पाऊल मागे या.

अंतर

बाकी सगळं नीट असून पिसांच्या जागी डाग दिसत असतील तर पक्षी लांब आहे. समोरच्या इमारतीच्या डिशवर बसलेला खंड्या फ्रेमचा विसावा भाग व्यापत असेल, आणि तुम्ही उरलेलं कापून टाकलं, तर हातात विसावा भागच पिक्सेल उरतात. फोनवर तर याहून सरळ: कॅमेऱ्याच्या खऱ्या झूमच्या पुढे बोटांनी ताणलेलं सगळं म्हणजे कापणं.

इथे लोक ६०० मिलिमीटरची चौकशी करतात. मी सांगतो, आधी पक्षी जवळ आणा. मातीचं पसरट भांडं, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि शेजारी उतरायला एक वाळकी फांदी. तुमच्या बसायच्या जागेपासून तीन-चार मीटरवर, मागची भिंत किंवा झाडं फांदीपासून जितकी दूर तितकी बरी. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होते. काचेच्या दारासमोर भांडं ठेवू नका, पक्षी काचेवर आपटतात. पहिले काही दिवस कॅमेरा न घेता नुसतं बसा. वाळत घातलेल्या चादरीआड बसलात तर उत्तमच. एप्रिल-मेच्या दुपारी बुलबुल येतील, सातभाईंची टोळी येईल, आणि २०० मिमीतही पिसं मोजता येतील.

आवाजाच्या रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावू नका. विणीच्या काळात नर ते प्रतिस्पर्ध्याचं समजून हैराण होतो.

तसंच, पक्षी जागेवर टिकतच नाही, एकाच फांदीभोवती भिरभिरतोय, चोचीत अळी धरून ओरडतोय, अशी तक्रार असेल तर ती कॅमेऱ्याची नाही. जवळ घरटं आहे आणि तुम्ही आड आलाय. उठा, घरात जा. घरट्याचे फोटो काढायला पानं बाजूला केली की कावळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. पिल्लू खाली पडलेलं किंवा पक्षी जखमी दिसला तर फोटोचा विषय तिथेच संपवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हवा

दुपारी तापलेल्या स्लॅबवरून किंवा पत्र्यावरून पलीकडे फोटो काढलात तर मधली हवा उकळत असते. शटर स्पीड कितीही वाढवा, फरक नाही. लांब लेन्सला तर हे दुप्पट दिसतं. थंडीत उलटा प्रकार होतो: उबदार खोलीतून उघड्या खिडकीवाटे काढताना खिडकीतच हवेचे प्रवाह मिसळतात. उपाय एकच, सकाळी लवकर आणि जवळून.

वर्तमानपत्राची परीक्षा

इथवर येऊनही फोटो पुसटच असतील तर आता कॅमेऱ्याची पाळी. अर्धा तास आणि एक ट्रायपॉड लागेल. नसेल तर टेबल आणि जाड पुस्तकं.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, चांगल्या उजेडात. पक्षी जितका लांब असतो तितक्या अंतरावर, चार-पाच मीटरवर, कॅमेरा अगदी समोर सरळ लावा. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर पाच-सहा फोटो व्ह्यूफाइंडरने घ्या, दर वेळी फोकस हाताने बिघडवून पुन्हा लावा. मग तेवढेच लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून.

दोन्हीत अक्षरं शार्प? कॅमेरा निर्दोष. परत शटर स्पीडवर जा, आणि या वेळी लिहून ठेवलेला तो कागद घेऊन.

लाइव्ह व्ह्यूत शार्प आणि व्ह्यूफाइंडरने दर वेळी पुसट? डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग वेगळा असतो, त्याचा आणि लेन्सचा मेळ सरकलाय. वरच्या दर्जाच्या बॉडीत मेन्यूतून तो जुळवता येतो. निकॉन डी५६०० किंवा कॅनन १५००डी सारख्यांत ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटरच. तोवर लाइव्ह व्ह्यू वापरा. मिररलेसमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथे सेन्सरच फोकस बघतो.

पानाची एक बाजू कायम पुसट? आधी कॅमेरा खरंच सरळ होता का ते बघा. कॅमेरा उलटा करून पुन्हा काढा; पुसटपणा लेन्सबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर आतली एखादी काच सरकली आहे.

लेन्स सारखी अडकत असेल तर ती काढून मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसा. एवढंच घरी करायचं.

इथे थांबा

फोनचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाकडून मारा आणि दुसरीकडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळा कपाटात काढलेल्या लेन्सना ती हमखास धरते. थोडी असेल तर शार्पनेसवर फार परिणाम होत नाही, उजेडाकडे तोंड केलं की दुधाळपणा वाढतो. पण वाढू दिली तर ती कोटिंग खाते, आणि मग साफ करूनही डाग राहतात. धुळीचे दोन-चार कण मात्र प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्यांच्यासाठी कुठे जाऊ नका.

बुरशी, पडलेली लेन्स, हलवल्यावर आत खुळखुळणं, आत गेलेलं पाणी, फोकस लावताना करकर, एका बाजूचा पुसटपणा: यातलं काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आतल्या काचा मिलिमीटरच्या लहानशा अंशाने बसवलेल्या असतात आणि त्या परत तशा बसवायला यंत्र लागतं. व्हिडिओ बघून उघडलेली लेन्स दुरुस्त करायला दुकानदारही कुरकुरतो, आणि पैसे जास्त घेतो.

नेताना कार्ड काढून घ्या, वर्तमानपत्राच्या परीक्षेचे फोटो पेन ड्राइव्हवर द्या, बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या. ‘फोटो चांगले येत नाहीत’ असं सांगू नका. ‘व्ह्यूफाइंडरने पाच मीटरवर फोकस मागे जातो’ असं सांगा. उघडण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. साधी १८-५५ किंवा ७०-३०० असेल तर तो आकडा जुन्या बाजारातल्या त्याच लेन्सच्या किमतीशी ताडून बघा. पुष्कळदा दुसरी घेणं स्वस्त पडतं. बुरशीची लेन्स परत आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.